मोठ्या बुल ट्राउटसाठी नदीतली जागा कशी शोधायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलगरी, एडमंटन, व्हँकुव्हर, सिअॅटल या भागांत राहणाऱ्या आणि गळाची काठी हातात घेतलेल्या मराठी मंडळींसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न "जागा सांगा ना!" हाच असतो. जागा पुढे सांगितल्याच आहेत. पण एक गोष्ट आधीच सांगतो: बुल ट्राउट नकाशावरच्या एका बिंदूवर राहत नाही. तो थंड पाण्यामागे जातो आणि भक्ष्यामागे जातो. थंड पाणी कुठे आहे आणि या महिन्यात भक्ष्य कुठे आहे, एवढं ओळखता आलं की कोणत्याही नव्या नदीवर तुम्हाला दुसऱ्याला विचारावं लागणार नाही.

बुल ट्राउट हा नेमका कोणता मासा?

नावात ट्राउट असलं तरी तो 'चार' (इंग्रजीत char) नावाच्या गटातला मासा आहे. ब्रुक ट्राउट, लेक ट्राउट, डॉली व्हार्डन आणि आर्क्टिक चार हे त्याचे सख्खे भाऊबंद. १९७८ पर्यंत त्याची गणना डॉली व्हार्डनमध्येच होत असे, त्या वर्षी तो वेगळी जात म्हणून मांडला गेला. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ, थंड नद्या-तळ्यांमध्येच तो सापडतो: अल्बर्टा, ब्रिटिश कोलंबिया, युकॉन, आणि सीमेपलीकडे मोंटाना, आयडाहो, वॉशिंग्टन, ओरेगन. कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाउड नदीत तो पूर्वी होता. १९७० च्या दशकानंतर तिथे दिसलेला नाही.

१९९५ साली अल्बर्टाने त्याला प्रांताचा मानाचा मासा म्हणून जाहीर केलं. त्याआधी कित्येक दशकं लोक त्याला 'चांगल्या' ट्राउटची पिल्लं खाणारा उपद्रवी मासा समजून काठावर फेकून देत असत. हे लक्षात ठेवायला हवं, कारण आज मासे कमी आहेत त्यामागचं ते एक खरं कारण आहे.

ओळखायचा कसा? ब्रुक ट्राउटशी गल्लत होते.

पाठीवरचा पर बघा. बुल ट्राउटच्या पाठीवरच्या परावर एकही काळा ठिपका किंवा काळी रेघ नसते. ब्रुक ट्राउटच्या परावर काळ्या नागमोडी रेघा असतात. रेनबो, कटथ्रोट आणि ब्राउन या ट्राउटच्या अंगावर काळे ठिपके असतात. बुल ट्राउटच्या ऑलिव्ह-करड्या अंगावर फिकट पिवळे, नारिंगी, गुलाबी ठिपके दिसतात आणि पोटाकडच्या परांची पुढची कड पांढरी असते. डोकं अंगाच्या मानाने मोठं, जबडा रुंद.

अल्बर्टात यासाठी एक घोषवाक्यच आहे: 'नो ब्लॅक, पुट इट बॅक'. परावर काळं नसेल तर मासा परत पाण्यात. शंका आली तरीही परत पाण्यातच.

ब्रुक ट्राउट मूळचा पूर्वेकडचा, इथे माणसांनी आणून सोडलेला. तो बुल ट्राउटशी संकर करतो आणि त्यातून होणारी पिल्लं बहुधा वांझ निघतात. त्यामुळे ज्या ओढ्यात ब्रुक ट्राउट भरपूर आहेत, तिथे मोठ्या बुल ट्राउटची आशा मी फारशी धरत नाही.

'मोठा' म्हणजे किती मोठा?

तो कसं आयुष्य जगतो त्यावर हे ठरतं. काही बुल ट्राउट जन्मल्या ओढ्यातच राहतात. त्यांची वाढ खुंटते आणि ते वीतभर ते फूटभर लांबीचे राहतात. काही ओढ्यात जन्मून मोठ्या नदीत उतरतात, ते साठ-सत्तर सेंटिमीटरपर्यंत जातात. काही तळ्यात किंवा धरणाच्या जलाशयात उतरून तिथल्या कोकनीवर (म्हणजे तळ्यातच राहणाऱ्या सॉकआय सामनवर) पोसतात. हे खरे दांडगे, ऐंशी सेंटिमीटरच्या पुढचेही. किनाऱ्याकडचे काही तर समुद्रात जाऊन येतात.

आजवरचा विक्रमी बुल ट्राउट १९४९ साली आयडाहोच्या पेंड ओरेल तळ्यात मिळाला. वजन ३२ पौंड, म्हणजे साडेचौदा किलो.

यातून जागा शोधण्याचा पहिला धडा मिळतो. मोठा मासा हवा असेल तर अशी नदी निवडा जिच्या खालच्या अंगाला मोठं तळं, जलाशय किंवा रुंद नदी आहे आणि वरच्या अंगाला थंड, स्वच्छ ओढे आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये धबधबा, धरण किंवा रस्त्याखालचा चुकीचा बसवलेला पाइप आडवा येत नाही. ही साखळी जिथे शाबूत आहे, तिथे मोठे मासे असतात.

मग सुरुवात कुठून करू?

घरून, नकाशावर. नदीवर जाण्याआधीचा निम्मा शोध इथेच होतो आणि मला तरी तो फार आवडतो.

आधी त्या पाण्यात बुल ट्राउटची नोंद आहे का ते पाहा. ब्रिटिश कोलंबियाचं 'हॅबिटॅट विझार्ड' आणि अल्बर्टाचं मासे व वन्यजीवांचं नकाशा-साधन कोणालाही मोफत पाहता येतं. कोणत्या ओढ्यात कोणती जात सापडली ते तिथे कळतं. अमेरिकेत असाल तर बुल ट्राउटचा अधिकृत 'संवेदनशील अधिवास' दाखवणारे नकाशे आहेत. तिथल्या वनखात्याच्या संशोधन केंद्राने ओढ्यांच्या तापमानाचे आणि पुढच्या काळातही थंड राहतील अशा पाण्याचे नकाशे केले आहेत, तेही उघडे आहेत. या नकाशांवर निळ्या रंगात (म्हणजे थंड) दिसणाऱ्या ओढ्यांची तोंडं मुख्य नदीला कुठे मिळतात ते टिपून ठेवा.

मग उपग्रहचित्र उघडा. बघायच्या गोष्टी अशा: नदीचं वळण आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचा गडद रंग, म्हणजे डोह. पुरात वाहून येऊन अडकलेल्या ओंडक्यांचे ढीग. खडकाळ घळीतून नदी बाहेर पडते ती जागा. बर्फाच्या नदीतून येणारं दुधाळ पाणी आणि बाजूने येणारा स्वच्छ ओढा एकमेकांना भेटतात तो संगम. जिथे नदी खडीच्या रुंद पसाऱ्यात फाटून अनेक धारांनी वाहते, तिथे पात्र दरवर्षी बदलतं. जुन्या चित्रावर विसंबून तिथे जाऊ नका.

हिवाळ्यातली चित्रं मिळाली तर सोन्याहून पिवळं. कडाक्याच्या थंडीतही ज्या पट्ट्यावर बर्फ धरत नाही, तिथे जमिनीतून झरा वर येतोय. तो झरा उन्हाळ्यात पाणी थंड ठेवतो आणि हिवाळ्यात गोठू देत नाही. बुल ट्राउटचं सगळं आयुष्य अशा झऱ्यांभोवती फिरतं.

शेवटी पाण्याची पातळी. कॅनडात सरकारी जलमापन केंद्रांचे आणि अमेरिकेत भूगर्भ सर्वेक्षणाचे प्रवाहाचे आकडे तासातासाला संकेतस्थळावर येतात. मे-जूनमध्ये डोंगरावरचं बर्फ वितळून नदी फुगते. आलेख उतरणीला लागून पाणी निवळत आलं की निघा. चढत्या पाण्यात जाऊन वेळ घालवू नका, जिवाला धोका तो वेगळाच.

नदीवर पोचलो. आता मासा नेमका कुठे असेल?

मोठ्या बुल ट्राउटला तीन गोष्टी लागतात: डोक्यावर आडोसा, अंगाला थंडावा आणि तोंडासमोर भक्ष्य. तो दिवसभर प्रवाहाशी झुंजत उभा राहत नाही. संथ, खोल पाण्यात तळाशी दबून राहतो आणि जवळून काही गेलं की झेप घेतो.

डोहाकडे बघताना डोहाचं तोंड, पोट आणि शेपूट वेगवेगळं बघा. खळाळ संपून पाणी जिथे एकदम खोल होतं, तिथे तळाच्या पायरीखाली मोठा मासा बसतो. दुपारी, उन्हात, तो पोटात खोल जातो. संध्याकाळी आणि भल्या पहाटे तो शेपटाकडे, उथळ होत जाणाऱ्या पाण्याकडे सरकतो, कारण तिथे व्हाइटफिश आणि छोटे कटथ्रोट चरत असतात. ढगाळ दिवशी ही वेळ लांबते. मला विचाराल तर भर उन्हातल्या सहा तासांपेक्षा ढगाळ दिवसाचे दोन तास बरे.

ओंडक्यांच्या ढिगाखालची जागा सगळ्यात हमखास. आणि सगळ्यात त्रासाचीही, कारण तिथे गळ अडकतो. ओंडक्यांच्या वरच्या अंगाने आमिष सोडून त्यांच्या कडेला समांतर ओढत आणावं. काठाखाली पाण्याने कोरलेली कपार असेल तर तिच्याकडेही तसंच. मोठ्या धोंड्याच्या मागे संथ पाण्याचा त्रिकोण तयार होतो, तिथे मध्यम मासे असतात. धोंडा मोटारीएवढा असेल तर मोठाही असतो.

वेगवान आणि संथ धारा शेजारी शेजारी वाहतात ती सीमारेषा कधी सोडू नका. आणि संगम. उन्हाळ्यात मुख्य नदी तापली की थंड ओढ्याच्या तोंडाशी, ओढ्याच्याच काठाने खाली पसरलेल्या थंड पट्ट्यात मासे गोळा होतात. खिशात साधा पाण्याचा थर्मामीटर ठेवा. संगमाच्या वर आणि खाली तापमान मोजा. दोन-तीन अंशांचा फरक दिसला तर तुम्ही बरोबर जागी आहात.

आणखी एक खूण आहे आणि ती नदीच तुम्हाला देते. तुम्ही छोटा कटथ्रोट ओढत असता आणि अचानक काठी वाकते, दोर जड होतो, खालून एक काळी सावली त्या माशाला धरून खेचते. ही गोष्ट रॉकीजच्या नद्यांवर मासे धरणाऱ्या बहुतेकांनी अनुभवली आहे. तसं झालं तर त्या डोहात मोठा बुल ट्राउट आहे हे नक्की. मात्र जिवंत मासा मुद्दाम आमिष म्हणून वापरणं अल्बर्टातही आणि ब्रिटिश कोलंबियातही बेकायदा आहे.

कोणता महिना सगळ्यात चांगला?

पूर ओसरल्यापासून, म्हणजे साधारण जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. या काळात तळ्यांतून आणि मोठ्या नद्यांतून मासे वर चढत असतात आणि वाटेतल्या डोहांत थांबत थांबत जातात. काहींचा हा प्रवास दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो.

ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत अंडी घालण्याचा काळ. पाण्याचं तापमान नऊ अंशांच्या खाली उतरलं की सुरुवात होते. या काळात लहान ओढ्यांपासून दूर राहा. मुख्य नदीत, खालच्या भागात मासेमारी खुली असेल तर करावी.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतणारे मासे भुकेले असतात, पण थकलेले आणि हडकलेलेही असतात. मी त्यांना त्रास देत नाही. तुम्ही तुमचं ठरवा.

गोलमोल नको. नद्यांची नावं सांगा.

सांगतो. इथे दिलेल्या नद्या सगळ्यांना ठाऊक असलेल्याच आहेत.

ब्रिटिश कोलंबियाच्या आग्नेय कोपऱ्यातला ईस्ट कूटने भाग हा माझ्या मते सगळ्यात चांगला. कॅलगरीहून मोटारीने साडेतीन तासांत फर्नी गाठता येतं आणि गावातूनच एल्क नदी वाहते. एल्कफर्ड, स्पारवुड, फर्नी या पट्ट्यात नदीला मोठे डोह आणि ओंडक्यांचे ढीग आहेत. तराफ्यावरून उतरत जाणं सोयीचं, पण काठाने चालूनही पुष्कळ पाणी हाताशी येतं. या खोऱ्यात कोळशाच्या खाणींमुळे पाण्यात सेलेनियम (जास्त झालं तर घातक ठरणारं मूलद्रव्य) वाढलं आहे आणि त्याचा माशांवर होणारा परिणाम हा तिथला मोठा वादाचा विषय आहे.

एल्को गावाजवळच्या धरणाच्या खाली एल्कला विगवॅम नदी मिळते. विगवॅमचा उगम मोंटानात, वाहते मात्र उत्तरेकडे, कॅनडात. खालच्या कूकनूसा जलाशयात (मोंटानातल्या लिबी धरणाने १९७० च्या दशकात झालेला) कोकनीवर वाढलेले बुल ट्राउट अंडी घालायला विगवॅममध्ये चढतात. बुल ट्राउटच्या अंडी घालण्याच्या जागांमध्ये ही जगातल्या सर्वांत महत्त्वाच्या नद्यांपैकी एक. त्यामुळे इथले नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत. याच भागात बुल नदी, सेंट मेरी, स्कूकमचक, व्हाइट आणि वरची कूटने याही आहेत.

किनाऱ्याकडे, व्हँकुव्हरवाल्यांसाठी, अप्पर पिट ही मोठ्या बुल ट्राउटची नदी. पिट तळं बोटीने ओलांडून जावं लागतं म्हणूनच ती टिकून आहे. तिथले मासे सॉकआय सामनच्या मागे नदीत येतात, आधी अंडी खायला आणि वसंतात सामनची पिल्लं टिपायला. स्क्वॉमिश आणि लिलूएट या नद्यांनाही हेच लागू. सामन कधी चढतात ते कळलं की बुल ट्राउट कधी येतील ते कळतं.

अल्बर्टात रॉकीजच्या पूर्व उतारावर ओल्डमनचं वरचं खोरं, हायवुड, रेड डीअर, क्लिअरवॉटर, नॉर्थ सस्कॅचवान, अथाबास्काच्या उपनद्या आणि उत्तरेकडे ग्रँड प्रेअरीजवळची काकवा. दक्षिणेकडे मासे विरळ आहेत. सस्कॅचवान आणि नेल्सन खोऱ्यांतल्या बुल ट्राउटला २०१९ मध्ये संघराज्याच्या कायद्यानुसार धोक्यातली जात म्हणून संरक्षण मिळालं. उत्तरेकडे अंतरं मोठी, रस्ते कच्चे, पण मासा दणकट.

लोअर कनानास्किस तळ्याबद्दल खूप ऐकलंय. तिथे जाऊ का?

तिथली गोष्ट आधी ऐका. १९९० च्या सुमारास या तळ्यातले बुल ट्राउट जवळपास संपत आले होते, अंडी घालायला ओढ्यात चढणारे मोजकेच उरले होते. १९९२ मध्ये तिथला मासा घरी नेण्यावर पूर्ण बंदी आली. अंडी घालण्याचा स्मिथ-डोरियन ओढा मासेमारीला बंद झाला. पुढच्या दहा वर्षांत मोठ्या माशांची संख्या अनेक पटींनी वाढली. नियम पाळले तर हा मासा परत येतो, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. तळ्यावर जरूर जा. ओढ्याकडे सप्टेंबरमध्ये फक्त बघायला जा, तेही दुरून.

अमेरिकेत काय परिस्थिती आहे?

तिथे १९९८-९९ पासून बुल ट्राउट धोक्यातली जात म्हणून कायद्याने संरक्षित आहे. मोंटानात तर बहुतेक पाण्यांत मुद्दाम बुल ट्राउटच्या मागे लागणंच बेकायदा आहे. मोजके अपवाद म्हणजे कूकनूसा, हंग्री हॉर्स जलाशय आणि त्याच्या वरची साउथ फोर्क फ्लॅटहेड नदी. त्यासाठी वेगळं नोंदपत्रक घ्यावं लागतं. साउथ फोर्कचा वरचा भाग बॉब मार्शल अरण्यात आहे, तिथे पायी किंवा घोड्यावरूनच पोचता येतं. हंग्री हॉर्स धरणाने या माशांचा फ्लॅटहेड तळ्याकडचा रस्ता बंद केला खरा, पण त्याच धरणामुळे खालून येणारे लेक ट्राउटही अडले. खुद्द फ्लॅटहेड तळ्यात बाहेरून आलेले लेक ट्राउट माजले आणि तिथला बुल ट्राउट कोसळला.

ओरेगनची मेटोलियस नदी पाहण्यासारखी आहे. ब्लॅक ब्यूट डोंगराच्या पायथ्याशी ती झऱ्यातून एकदम नदी होऊनच बाहेर येते, वर्षभर थंडगार आणि काचेसारखी. खालच्या बिली चिनूक जलाशयातून मोठे बुल ट्राउट कोकनीच्या मागे तिच्यात चढतात. वरच्या भागात फक्त फ्लाय (पिसं-दोऱ्यांनी बांधलेलं हलकं कृत्रिम आमिष) चालते. पाणी इतकं नितळ की मासा तुम्हाला आधी बघतो. वाकून, झाडाच्या सावलीत राहून चालायची तयारी ठेवा.

अंडी घालणारे मासे दिसले तर काय करायचं?

लांब व्हायचं. गळ टाकायचा नाही, पाण्यात पाय घालायचा नाही.

मादी शेपटीने खडी उकरून घरटं करते. आजूबाजूच्या शेवाळलेल्या, काळपट खडीत मोटारीच्या चाकाएवढा किंवा त्याहून मोठा उजळ, धुतल्यासारखा भाग दिसला की ते घरटं. मासे निघून गेल्यावरही अंडी त्या खडीत सगळा हिवाळाभर असतात. पिल्लं वर येतात ती एप्रिल-मे मध्ये. म्हणजे ऑगस्टअखेर ते मे तुम्ही त्यावरून चाललात तर अंडी चिरडली जातात. गाळ बसला तरी ती गुदमरून मरतात, म्हणूनच वरच्या अंगाला जंगलतोड किंवा कच्चा रस्ता झाला की खाली हा मासा कमी होतो.

आपल्याकडे महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले महसीर वरदायिनी देवीचे मानले जातात आणि त्यांना कोणी हात लावत नाही. पिढ्यान् पिढ्या तो डोह मासळीने भरलेला राहिला तो त्यामुळेच. रॉकीजमधल्या अंडी घालण्याच्या ओढ्यांकडे मी त्याच नजरेने बघतो.

पाणी किती गरम झालं की थांबायचं?

बुल ट्राउट साधारण पंधरा अंशांच्या वर अस्वस्थ होतो आणि थंडावा शोधत निघून जातो. अठरा अंशांच्या आसपास त्याला ओढून सोडलं तर तो पोहत गेला तरी नंतर मरू शकतो. उष्णतेच्या लाटेत सकाळी लवकर जा किंवा जाऊच नका. प्रांत सरकारंही अशा वेळी दुपारनंतर किंवा पूर्ण बंदी लावतात.

कोणती साधनं घ्यावीत?

फ्लाय असेल तर सात किंवा आठ 'वेट'चा (म्हणजे त्या क्रमांकाच्या दोरीसाठीचा) रॉड, बुडणाऱ्या टोकाची दोरी आणि बारा-पंधरा पौंड ताण सोसणारा आखूड लीडर (दोरी आणि फ्लायमधला पारदर्शक धागा). चार ते सहा इंचांच्या स्ट्रीमर (छोट्या माशासारख्या दिसणाऱ्या फ्लाय): पांढऱ्या, ऑलिव्ह, काळ्या. तळाशी राहणारा स्कल्पिन हा छोटा मासा त्याचा आवडता घास, त्यासारखी दिसणारी जड डोक्याची स्ट्रीमर नेहमी सोबत असू द्या. स्पिनिंगवाल्यांनी दहा-पंधरा पौंडाची दोरी आणि मध्यम वजनाचे स्पून (चमच्यासारखी धातूची आमिषं) घ्यावेत. हलका रॉड घेऊन माशाला दमवत बसू नका. जितका वेळ झुंज चालते तितका तो थकतो.

तीन टोकांचा गळ काढून एकच गळ लावा आणि टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. ब्रिटिश कोलंबियाच्या सगळ्या नद्या-ओढ्यांत एकच, बिनकाट्याचा गळ हाच नियम आहे. अल्बर्टाच्या पूर्व उतारावरच्या बहुतेक वाहत्या पाण्यात खरं आमिष (गांडूळ, माशाचा तुकडा) चालत नाही, ते नेऊ नका.

आमिष तळापर्यंत पोचलं पाहिजे. सगळ्यात जास्त मासे इथेच हुकतात: आमिष माशाच्या डोक्यावरून दोन फूट वरून जातं आणि त्याला उठायचं कारण नसतं.

परवाना कोणता लागतो?

अल्बर्टात आधी वन्यजीव ओळख क्रमांक, मग परवाना. सोळा वर्षांखालच्या मुलांना परवान्याची गरज नाही. ब्रिटिश कोलंबियातही आधी ओळख क्रमांक काढावा लागतो. दोन्हीकडे परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. ईस्ट कूटनेमधल्या एल्क, विगवॅम, बुल, सेंट मेरी, स्कूकमचक, व्हाइट आणि वरची कूटने या 'क्लासिफाइड' (सरकारने खास दर्जा दिलेल्या) नद्यांसाठी हंगामात जादा परवाना काढावा लागतो. त्या भागातले ओढे-नद्या १ एप्रिल ते १४ जून बंद असतात.

बान्फ, जॅस्पर, योहो अशा राष्ट्रीय उद्यानांत प्रांताचा परवाना चालत नाही. तिथे उद्यानाचा वेगळा परवाना लागतो आणि शिशाची छोटी वजनं वापरता येत नाहीत.

नियम नदीच्या पट्ट्यापट्ट्याला बदलतात आणि दरवर्षी बदलतात. निघण्याच्या आदल्या रात्री त्या वर्षाची अधिकृत पुस्तिका उघडून तुमच्या नदीची ओळ वाचा. मित्राने गेल्या वर्षी सांगितलेलं चालणार नाही.

पकडलेला मासा घरी आणून कालवण करता येईल का?

अल्बर्टात नाही. १९९५ पासून संपूर्ण प्रांतात बुल ट्राउट सोडून द्यावाच लागतो. राष्ट्रीय उद्यानांतही सोडावाच लागतो. ब्रिटिश कोलंबियात काही ठिकाणी ठरावीक काळात ठेवता येतो, पण मी ठेवू नका असंच सांगेन. हा मासा पाच-सात वर्षांचा झाल्यावर पहिल्यांदा अंडी घालतो. तुमच्या हातातला मोठा मासा दहा वर्षांपेक्षा जुना असू शकतो आणि पुढेही कित्येकदा अंडी घालू शकतो. कालवणासाठी तळ्यात सोडलेले रेनबो ट्राउट आहेत, चवीलाही छान लागतात.

सोडताना काय काळजी घ्यायची?

रबरी जाळीचं मोठं जाळं वापरा. मासा जाळ्यात, जाळं पाण्यात. गळ पाण्यातच काढा. खोल गिळला असेल तर दोरी कापा. हात ओले करूनच स्पर्श करा, कल्ल्यांत बोटं घालू नका, शेपटीपाशी आणि पोटाखाली आधार द्या. फोटो हवा असेल तर सोबत्याला आधी तयार ठेवा आणि मासा पाण्याबाहेर दहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. काठावरच्या दगडांवर तर कधीच ठेवू नका. मग प्रवाहाकडे तोंड करून धरा, तो स्वतः निघेपर्यंत.

बुल ट्राउट आक्रमक असल्यामुळे पुन्हा पुन्हा गळाला लागतो. एका डोहात एक मासा मिळाला की पुढच्या डोहाकडे चला.

सुरक्षिततेचं काय?

यातल्या बहुतेक नद्या ग्रिझली अस्वलांच्या मुलखात आहेत. अस्वलांसाठीचा फवारा कमरेला, बॅगेत नव्हे. खळाळाच्या आवाजात अस्वलाला तुमची चाहूल लागत नाही, म्हणून वळणापाशी आवाज देत चला. सामन असलेल्या काठावर दुप्पट सावध. वेडर (पाण्यात उभं राहण्यासाठीचा छातीपर्यंतचा जलरोधक पोशाख) घातला असेल तर कमरेचा पट्टा घट्ट बांधा, गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर ओलांडू नका. बर्फाचं पाणी काही मिनिटांत हातापायातली ताकद काढून घेतं. बऱ्याच खोऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, कुठे जाणार आणि कधी परतणार ते घरी सांगून निघा.

भारतात हा मासा मिळतो का?

नाही. काश्मीर आणि हिमाचलमध्ये ब्राउन आणि रेनबो ट्राउट आहेत, तेही ब्रिटिशांच्या काळात बाहेरून आणलेले. बुल ट्राउट फक्त उत्तर अमेरिकेतच.

चांगली जागा सापडली. फोटो आणि ठिकाण ग्रुपवर टाकू का?

फोटो टाका, नदीचं नाव हवं तर सांगा. डोह सांगू नका, पार्श्वभूमीतला डोंगर किंवा पूल ओळखू येईल असा फोटो नको. फोनमधून ठिकाणाची नोंद जाते, ती बंद करा. लहान ओढ्याचं तर नावही नको. नव्याने शिकणाऱ्याला मदत करायची असेल तर त्याला सोबत घेऊन जा आणि जागा कशी ओळखायची ते काठावर उभं राहून दाखवा.

एका नदीवरून दुसऱ्या नदीवर त्याच दिवशी गेलं तर चालेल का?

बूट, वेडर आणि जाळं स्वच्छ आणि कोरडं असेल तरच. व्हर्लिंग डिसीज हा ट्राउट आणि सामनच्या पिल्लांना होणारा परजीवी रोग कॅनडात पहिल्यांदा २०१६ मध्ये बान्फच्या जॉन्सन तळ्यात आढळला आणि नंतर अल्बर्टातल्या अनेक खोऱ्यांत पसरला. तो चिखलातून आणि ओल्या सामानातून जातो. त्यामुळे नदीतून बाहेर आलात की चिखल तिथेच घासून काढा, पाणी निथळू द्या आणि सगळं पूर्ण वाळवा. दोन दिवसांत दोन खोरी करायची असतील तर बुटांचा दुसरा जोड गाडीत ठेवा.